अधिक एक

तारवाले काका फौजेतून परतले त्याला आता जमाना झाला. तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या दारावरच्या घंटा, पंखे आणि इस्त्र्या तेच दुरुस्त करतात. उंच माणूस, डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. तो हात फार वर जात नाही, म्हणून काका शिडीची एक पायरी जास्त चढतात आणि उजव्या हातानं सगळं उरकतात. फौजेत ते टेलिफोनची तार ओढायचे. पुढच्या चौकीपासून मागच्या तोफांपर्यंत तार टाकायची आणि माऱ्यात ती तुटली की जाऊन जोडून यायची, एवढंच काम. एवढंच म्हणजे, बाकीचे खड्ड्यात डोकं घालून बसलेले असताना यांनी उघड्यावर तुटलेलं टोक शोधत फिरायचं.

मी कचेरीच्या फाटकाबाहेर पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहिते. शाळा सातवीला सुटली, कायदा रांगेत उभी राहून शिकले. काकांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, एक दिवस माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या तेव्हा मला वाटलं, पाण्याच्या बिलाचं काहीतरी असेल. तर त्या सांगायला लागल्या की आमच्या यांनी घराबाहेर पडणं सोडलंय. कुणी पंखा आणून दिला तर दुरुस्त करतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. "दिवसभर खाटेवर बसून मी भांडी कशी घासते ते बघत असतात. मीच नजरेनं झिजायला लागलेय," त्या म्हणाल्या. काकूंची जीभ अशीच आहे. काळजी वाटली की जास्त चालते.

झालं होतं ते असं. वर्षातून एकदा मैदानावर माजी सैनिकांचं संचलन असतं. आपापली पदकं कोटाला लावून सगळे बँडमागून चालतात, मग भाषणं होतात. काका इतकी वर्षं तिसऱ्या रांगेत चालत आले होते. कोटावर तीन पदकं. एक लढाईत होते म्हणून, एक जखमी झाले म्हणून आणि एक शौर्याचं. या वेळी संघटनेला नवे अध्यक्ष लाभले. फौजेत ते कोठारावरचे अधिकारी. उभ्या नोकरीत ब्लँकेटं मोजली आणि बूट मोजले. त्यांनी प्रत्येकाच्या सेवापुस्तकाची प्रत मागवून घेतली आणि संचलनाच्या दिवशी माइकवरून जाहीर केलं की काही जण नकली पदकं लावून येतात, ते इथून पुढे चालणार नाही. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ गिळलं असतं. थांबले नाहीत.

"तिसऱ्या रांगेतले उंच गृहस्थ, तुम्हालाच सांगतोय. काढा आणि मग उभे राहा."

मैदान माणसांनी भरलेलं. काकू, लेक, जावई, अख्खी वस्ती तिथं. काकांनी तिन्ही पदकं काढली, खिशात घातली आणि रांगेतून निघून घरी चालत गेले. त्यांच्यामागं काकू सोडून एक माणूस उठला नाही. ज्यांच्या दारावर काकांनी फुकट घंटा बसवून दिल्या, ते लोक भाषणं संपेपर्यंत बसले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या.

मी काकांच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर पोट फाडलेल्या इस्त्र्या आणि तारेची भेंडोळी, सगळ्या खोलीला डाग देण्याच्या कथलाचा वास. कोट खिळ्याला टांगलेला. पदकांच्या जागी कापडाला बारीक भोकं. काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "नकली नाहीत. शिंप्याची आहेत."

मग तासभर बसून मी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. त्यांच्या पलटणीत सरकारी पदक यायला वर्षं लागायची. आलं तरी कुठल्यातरी जुन्या पत्त्यावर जायचं. म्हणून साहेबानं सकाळच्या परेडला नावं वाचली की पलटणीचा शिंपी संध्याकाळपर्यंत आपल्या ट्रंकेतून तसलंच पदक काढून फितीसकट शिवून द्यायचा. सगळे शिंप्याचंच लावायचे. खरं आलं तर ते डबीतच राहायचं, घरच्यांना दाखवायला. काकांचं नाव परेडवर तीनदा वाचलं गेलं, तिन्ही पदकं शिंप्यानं लावली. सरकारी कधी आली नाहीत आणि काकांनी कधी विचारलंही नाही. छातीवर तर होतीच. साहेब आता हयात नाही, शिंपी तर केव्हाच गेला.

आणि सरकारी का आली नाहीत, तर तारवाले नेहमी जोडीनं जायचे. ड्युटीच्या कागदावर जोडीतल्या सीनियरचं नाव लिहायचं आणि पुढं 'अधिक एक'. तो एक कोण हे तंबूतल्या प्रत्येकाला ठाऊक, त्यामुळं लिहायचे कष्ट कुणी घेत नसे. त्यातून ही जोडी लढाईसाठी दुसऱ्या पलटणीला उसनी दिलेली. घरच्या पलटणीला वाटलं, ते नावं पाठवतील. त्या पलटणीनं कागदावर जे होतं ते, फक्त सीनियरचं नाव, पाठवलं. म्हणजे काकांचं अख्खं युद्ध, बर्फ, तोफा, खांद्यात घुसलेला लोखंडाचा तुकडा, सगळं 'अधिक एक' या दोन शब्दांत कोंबून बसवलं होतं. अहो, फौजेतल्या खेचराला नंबर असतो. पायात नाल ठोकली की त्याची नोंद होते.

मी विचारलं, काका, तुम्हाला नक्की काय हवंय? पदकं, त्याचे फायदे, काय? ते म्हणाले, "ज्या माइकवरून तो शब्द बोलला गेला, त्याच माइकवरून तो परत घ्यावा. बाकी मला काही नको." काकू चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाकी नको म्हणणाऱ्यांना ते एकही मिळत नाही, माहितीये मला."

शब्द परत घ्यायचा तर आधी काकांच्या सेवापुस्तकात पदकांच्या रकान्यात, काही नाही म्हणून मारलेली आडवी रेघ पुसायला हवी. म्हणून आम्ही रेकॉर्ड कचेरीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर हेडक्लार्क. हा माणूस बोलता बोलता कपाटाची चावी कानात घालायचा, फिरवायचा, बाहेर काढून निरखायचा आणि समोरच्या फाइलीला पुसायचा. ती फाइल कुणाची होती, कोण बिचारा तिच्यासाठी जिने चढत असेल, देव जाणे. आमचा अर्ज वाचून त्यानं सांगितलं की अधिक एक म्हणजे कुणीही असू शकतो. "उद्या मीच येऊन सांगेन, तो एक मी." शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. हसायलाच ठेवले होते बहुतेक.

मी म्हटलं, "तुम्ही नव्हता साहेब. तो एक जागेवरून उठायचा."

काकांनी माझी बाही ओढली, पण व्हायचं ते झालं. आमची फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली आणि माझ्या एका वाक्यापायी काकांना दोन ऋतू वाट बघावी लागली. वाक्याचा मला पश्चात्ताप नाही. चावी पुसायची सवय बघितल्यावर कुणालाही नसता झाला.

तेवढ्या काळात मी काम केलं. जखमेचा पुरावा सोपा होता. फौजेच्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा डॉक्टरनं 'अधिक एक' असं लिहून पट्टी बांधली नव्हती, नाव लिहिलं होतं. जखम सिद्ध म्हणजे लढाईत हजर होते हेही सिद्ध. दोन पदकं तिथंच सुटली. घोडं अडलं ते शौर्याच्या पदकापाशी. त्याला एकच साक्षीदार उरला होता, जोडीचा सीनियर. काका त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते, पण माझ्या तोंडून ते नीट निघत नाही.

उस्ताद शहराच्या टोकाला बंगल्यात राहतात. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात मानपत्रं, ढाली, शाळांनी दिलेली चिन्हं. वर्षभर शाळाशाळांतून त्या दुपारची गोष्ट सांगत हिंडतात. तार तुटली होती, चौकीला तोफांची मदत मागता येत नव्हती, आणि मी एकटा बर्फातून निघालो. अशी ती गोष्ट आहे. खरी गोष्ट काकांनी मला फक्त एकदा सांगितली. दोघं निघाले, रस्त्याखालच्या मोरीपर्यंत पोचले आणि तिथं उस्तादांचे पाय चालेनात. ते मोरीत तारेचं रीळ धरून बसले. पुढं काका गेले, जोडत जोडत चौकीपर्यंत, आणि परत येताना खांदा गमावून बसले. मी संतापले तर म्हणाले, "पाय कधीकधी चालत नाहीत. माझेही एकदा नव्हते चालले. तेव्हा तो गेला होता आणि मी बसलो होतो. जोडीतलं जोडीत राहतं."

बंगल्यात उस्तादांनी चांगलं बोलावलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. पंखा कुरकुरत होता, काका मान वर करून त्याकडेच बघत राहिले. उस्ताद हसले, म्हणाले, "अजून कान तारेवरच का रे?" पण साक्षीचं काढल्यावर गोड बोलणं लांबत गेलं. या वयात कशाला ही यातायात, दोन मिळतायत ना, तब्येत सांभाळ. काका एवढंच म्हणाले, "मला माइकवरून नकली म्हणाले, उस्ताद." उस्तादांनी हं केलं आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

परतताना बसमध्ये मी सरळ सांगितलं, काका, मला एक दिवस द्या. पुढच्या शाळेत हे गृहस्थ गोष्ट सांगायला उभे राहिले की मी पोरांमध्ये जाऊन बसते आणि मोरीचं विचारते. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. "त्याला उघडं करून मिळणार असेल तर अर्ज फाडून टाक," ते म्हणाले.

सुनावणीचा दिवस आला. समितीत तिघं, बोलणारा एकच, मधला, फौजेतून निवृत्त बडा साहेब. एकानं कागद सरळ करायचे आणि दुसऱ्यानं मान हलवायची, अशी वाटणी होती. दोन पदकांचं पटकन झालं. तेवढ्यात दार उघडलं आणि उस्ताद आत आले. पूर्ण कोटात, सगळी पदकं लावून. मला वाटलं, अडवायला आले. पण ते उभे राहिले आणि खणखणीत बोलले.

"तो एक म्हणजे हा. त्या दुपारी तार यानं जोडली. मी मोरीत होतो. मोरीत गुडघाभर ओल होती, रीळ माझ्या मांडीवर होतं. मला पुढं जाता आलं नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. मी या माणसाबद्दल मनात जे जे बोलले होते ते मागं घ्यायच्या बेतात होते. घाई केली नाही ते बरं झालं.

बड्या साहेबानं चष्मा वर केला आणि थंडपणे नियम सांगितला. शौर्याच्या हुकमात एकच नाव बसतं. नाव बदलता येतं, वाढवता येत नाही. म्हणजे ही साक्ष खरी धरली तर साक्षीदाराचं पदक चुकीच्या माणसाला गेलं असा अर्थ होतो. त्यांची फाइल उघडावी लागेल. त्या पदकावर जे जे मिळालं, जमिनीसकट, त्याचा फेरविचार होईल. चालेल?

बंगला त्याच जमिनीवर उभा होता.

नियम बघा कसा केलाय. दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे करायचे, मध्ये एक बिल्ला टाकायचा आणि आपण खुर्चीत बसून बघायचं, कोण कोणाला चावतो ते. हे कुणीतरी स्वच्छ टेबलावर बसून लिहिलंय, त्याखाली सही केलीय आणि घरी जाऊन पोटभर जेवलाय.

उस्तादांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाले, साहेब, वय झालं. तो दिवस की दुसरा, आता नक्की सांगता येत नाही. बरीच पोरं होती, बऱ्याच वेळा मोरीत थांबलो. श्वासभरापूर्वी ज्याला मोरीतली ओल आठवत होती त्याला आता दिवस आठवेना. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे जमिनीवर. इतका ओला, इतका घाबरा चेहरा मी पकडलेल्या खिसेकापूचासुद्धा पाहिलेला नाही. खिसेकापू निदान शिव्या देतो.

साहेबानं काकांना विचारलं, फाइल उघडायची का, तुम्ही अर्जदार आहात, तुम्ही सांगा. काकांनी उस्तादांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शौर्याचा अर्ज मागे घेतो. दोन द्या."

जिन्यात माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काका दोन पायऱ्या खाली उतरून थांबले आणि वळून म्हणाले, "दुसऱ्याच्या छातीवरून ओरबाडलेलं उष्टं मी लावू? माझं मला द्या म्हणालो होतो. त्याचं काढा असं कधी म्हणालो?" मी म्हटलं, पण तो खोटं बोलला. "हो," काका म्हणाले, "आणि आधी खरंही बोलला. दोन्ही मी ऐकलं. पुरे झालं मला." काकू मागून म्हणाल्या, "ऐकलं असेल सगळं तर चला आता. जिन्यात संसार थाटायचाय का?"

दुरुस्तीचं पत्र आलं. आडवी रेघ गेली, दोन पदकं चढली. त्या पत्राची प्रत जोडून मी संघटनेला लिहिलं की शब्द ज्या माइकवरून गेला त्याच माइकवरून परत यावा. अध्यक्षांचा मला फोन आला. ते म्हणाले, लेखी खेद कळवतो, पुरे करा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही तो शब्द लिहून पाठवला असतात तर लेखी चाललं असतं. तुम्ही अख्ख्या मैदानाला ऐकवलात. शेवटी कबूल झाले, कारण वर्तमानपत्रवाल्याचं नाव मी मधूनच घेतलं होतं.

संचलनाच्या दिवशी काका कोट घालून बाहेर आले. छातीवर तीन. काकूंनी पाहिलं, मोजलं, आणि म्हणाल्या, "पाठीवर दोरा लागलाय, झटका." बस. मैदानावर गेलो तर प्रमुख पाहुणे कोण, उस्ताद. गळ्यात हार, शेजारी अध्यक्ष.

अध्यक्षांनी माइक घेतला. गेल्या वेळी एका सदस्याच्या दोन पदकांबाबत गैरसमज झाला होता, आता रेकॉर्डमध्ये दुरुस्ती झाली आहे, संघटनेला आनंद आहे. नकली हा शब्द त्यांनी जिभेला शिवू दिला नाही. बोललेलं गिळण्यापेक्षा भोवती गोल फिरून जाणं सोपं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गेल्या वेळी वाजवल्या होत्या त्याच हातांनी.

मग पाहुण्यांनी रांगा पाहायच्या असतात. तिसऱ्या रांगेत अध्यक्ष काकांसमोर थांबले, माइक खाली धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन. तिसरं काढा."

मी दोरीपलीकडे उभी होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता. काकांचा आवाज चढला नाही. त्यांनी हनुवटीनं उस्तादांकडे खूण केली.

"यांना विचारा. हे पदक माझं नाही असं यांनी म्हणावं, इथंच काढतो."

अध्यक्षांनी उस्तादांकडे पाहिलं. आजूबाजूच्या रांगांनी पाहिलं. हारातली फुलं हलत होती, म्हणजे माणूस श्वास घेत होता, एवढंच कळत होतं. त्याचंच आहे म्हणायचं तर बंगला जातो. नाही म्हणायचं तर समोर हा खांदा. शेवटी उस्तादांनी अध्यक्षांचं कोपर धरलं. "चला, पुढं चला, उशीर होतोय," ते म्हणाले. जाता जाता फोटोवाला समोर आला तसा काकांचा उजवा हात हातात घेऊन हलवला, फोटो होईपर्यंत सोडला नाही.

बँड सुरू झाला. काका तिन्ही पदकांनी मैदानाची पूर्ण फेरी चालले. कुणी अडवलं नाही. रेकॉर्डात दोन, छातीवर तीन, आणि तो शब्द परत न घेता हवेत तसाच. याला जिंकणं म्हणायचं असेल तर म्हणा.

संपल्यावर काका मैदानाच्या कडेच्या नळावर गेले. आम्ही मागं. त्यांनी उजवा हात पाण्याखाली धरला आणि मला विचारलं, साबण आहे का. माझ्याकडे कुठला असणार? त्यांनी खाली वाकून मूठभर माती घेतली आणि हात घासायला लागले. तेवढ्यात वस्तीतला एक जण लगबगीनं आला, गेल्या वेळी पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवणारा. काका, फार बरं झालं म्हणाला, आणि आमची घंटा बंद पडलीय, कधी येता?

"उद्या येतो," काका म्हणाले. "शिडी तुझी तू आणायची. आणि फुकट नाही."

तो गेला. काका घासतच होते. तळवा, बोटांच्या मधल्या जागा, मनगट.

"पुरे आता," काकू म्हणाल्या, "तुमचंच कातडं आहे ते."